पुरावा कुणी मागितला नव्हता

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्या मध्ये नवगाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून समुद्राकडे उतरणारी वाट आणि समोर पाण्यात खांदेरी-उंदेरी. गावात एक जुनी दफनभूमी आहे. तिथे जमिनीचे दोन उंचवटे दाखवतात. एकाखाली पुरुष पुरले आहेत आणि दुसऱ्याखाली बायका, असे सांगतात. फार पूर्वी चौल बंदराकडे निघालेले एक गलबत इथल्या खडकांवर फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली, ती इथे पुरली. बरोबरची धर्मपुस्तके समुद्रात गेली. कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायलांची, गोष्ट इथून सुरू होते.

या गोष्टीला लेखी आधार नाही. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात नेऊन ठेवली, इतर अभ्यासकांनी ती बरीच अलीकडे आणली. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्राने आणून टाकलेली चौदा प्रेते आहेत, आणि ती कथाही याच कोकण किनाऱ्याची. सात आणि सात चौदाच होतात. कुणी कुणाची कथा घेतली हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मला त्यात एवढेच दिसते, की ‘आम्ही बाहेरून आलो’ हे सांगतानाही या लोकांनी कोकणी घडणीची गोष्ट सांगितली. इतके ते इथले होऊन गेले होते.

आपण कोण, हे माणूस आपल्या आत कुठेतरी जपून ठेवतो, अशी आपली समजूत असते. बेने इस्रायलांचा इतिहास वाचताना आणि त्यांच्या घरांत बसताना मला वेगळेच जाणवत गेले. माणसाची निम्मी ओळख शेजाऱ्याकडे असते. शेजारी ती जोवर मुकाट्याने सांभाळतो, तोवर तिची आठवणही होत नाही. ज्या दिवशी कुणी तिचा पुरावा मागतो, त्या दिवशी सगळे बिनसते.

कोकणात त्यांनी तेलाचा घाणा धरला. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावागावांत एकेक-दोनदोन घरे पांगली. हिब्रू विसरली. प्रार्थनेला सिनेगॉग नव्हते, धर्मगुरू म्हणून रबाय नव्हता, तोरा हा धर्मग्रंथ नव्हता. राहिले ते एवढे: मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले-पर नसलेली मासळी न खाणे, काही सण आणि उपास, ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, आणि शनिवार. शनिवारी घाणा बंद. बैल गोठ्यात, जेवण आदल्या दिवशी शिजवलेले. याच भागात हिंदू तेलीही होते. ते महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवत. मग लोकांनी सरळ फोड केली: हे सोमवार तेली आणि ते शनवार तेली. या नावात तिरस्कार नव्हता आणि कौतुकही नव्हते. ज्या समाजात प्रत्येक जातीचा एखादा वार, एखादे व्रत, एखादे वर्ज्य असायचेच, त्यात आणखी एक. कोकणाने त्यांना जातीच्या उतरंडीत बसवून घेतले, आणि ही उतरंड कितीही अन्यायाची असली तरी तिच्यात वेगळे राहण्याला जागा होती. सण त्यांनी इथल्या नावांनी पाळले. वर्षारंभ तो नव्याचा सण. त्यानंतर दहाव्या दिवशी घरे बंद करून उपास धरायचा तो दरफाळणीचा सण. मंदिराच्या विध्वंसाचा शोक करण्याच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत, कारण उपास सोडताना वालाचे बिरडे असे. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचे दुःख वालाच्या बिरड्याला बांधून त्यांनी शतकानुशतके टिकवले.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू व्यापारी किंवा प्रवासी कोकणात आला, अशी परंपरा आहे. तो कधी आला याबद्दलही एकमत नाही. या तेल्यांबद्दल ऐकून त्याने त्यांच्या बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले-पर नसलेली मासळी वेगळी काढली आणि म्हणाल्या, ही आमच्यात चालत नाही. रहाबीला तेवढे पुरले. त्याने झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केले, आणि या घराण्यांतले काजी पुढे गावोगाव फिरून लग्ने लावू आणि सुंता करू लागले. या कथेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती परीक्षा घेण्याची जागा. ग्रंथ नाही, वंशावळ नाही. चुलीपुढे बसलेल्या बाईचा हात नेमका कुठल्या मासळीवर थांबतो, हे त्या माणसाने पाहिले आणि ओळख पटवून घेतली.

ठाण्यात एका घरी मी मलिद्याला बसलो होतो. मुलाला नोकरी लागली होती, त्यासाठी बोललेला नवस फेडायचा होता. भिजवलेले पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर, वेलची, काजू, बेदाणे, पिस्ते असा मलिदा मोठ्या तबकात रचला होता. भोवती पाच फळे, वर गुलाबाच्या पाकळ्या. भिंतीवर अग्निरथातून स्वर्गाला जाणाऱ्या एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे चित्र, त्याला हार. प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झानने हिब्रूत सुरुवात केली, घरातल्या सगळ्यांनी एलियाहूच्या नावाचे पालुपद धरले. मग एकेका गोष्टीवर आशीर्वाद म्हणायचा: झाडाच्या फळावर वेगळा, जमिनीतून उगवणाऱ्यावर वेगळा, सुवासावर वेगळा. सुवासाचा आशीर्वाद झाल्यावर सब्जाची डहाळी हातोहात फिरली, प्रत्येकाने ती नाकाशी धरली आणि पुढे दिली. मग पानात मलिदा आला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून उडाला आणि त्याच्या चाकांच्या खुणा खडकावर राहिल्या, अशी या लोकांची श्रद्धा. नवस बोलायला आणि फेडायला तिथे जातात. जगातले बाकीचे ज्यू एलियाहूला मानतात, पण मलिदा करत नाहीत. कोकणातले मुसलमान मलिदा करतात, पण एलियाहूसाठी नाही. हे नवस बोलणे, तबक, हार आणि प्रसाद वाटणे हिंदू शेजाऱ्याला तर अगदी घरचे वाटेल. हे सगळे एकत्र येते ते या एवढ्याशा समाजात.

यजमानीणबाईंनी नंतर नव्याच्या सणाच्या हलव्याची कृती सांगितली. “गहू भिजत घालायचे, वाटायचे, चीक काढायचा. कुरडयांना काढतो ना, तस्सा. पण शिजवायचा नारळाच्या दुधात. गाईचं-म्हशीचं दूध नाही घालायचं.” मी कारण विचारले. “त्या दिवशी मटण असतंच ना, भाऊ. मटण आणि दूध एका जेवणात नाही चालत आपल्यात.” मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा धर्मनियम मूळचा वाळवंटी देशातला. कोकणातल्या बायकांनी तो दारातल्या नारळावर निभावला. शनिवारच्या विसाव्याला सुरुवात करताना शुक्रवारच्या संध्याकाळी द्राक्षाचे मद्य मिळेना, तर काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला. नियम मोडला नाही, गावही सोडले नाही.

* * *

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईला येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होती. समाजी हसाजी दिवेकर हे त्यांतले एक. सॅम्युएल इझिकेल हे त्यांचे दुसरे नाव. टिपू सुलतानाच्या कैदेत ते सापडले होते. हे बेने इस्रायल आहेत असे कळताच टिपूच्या आईने रदबदली करून त्यांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. शार हराहमीम, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्रायलांचे हे पहिले सिनेगॉग. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले आणि जवळच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. त्या रस्त्याला आजही सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. मग कोकणातही सिनेगॉगे उभी राहिली: रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये. अलिबागचे सिनेगॉग ज्या आळीत आहे तिचे नाव इस्रायल आळी.

त्या शतकात काय घडले ते मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे असे आहे. १८२६ मध्ये कोचीनचे ज्यू शिक्षक येऊन हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. पाठोपाठ मिशनरी आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. ‘जुन्या करारा’चे मराठी भाषांतर हातात आले, आणि ज्यांची पुस्तके समुद्रात बुडाली होती त्यांनी आपल्या पूर्वजांच्या कथा मराठीत वाचल्या. अब्राहाम, योसेफ, मोशे हे त्यांना मराठीत भेटले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. धर्मांतरे फार थोडी झाली. उलट हा समाज आपल्या धर्मात अधिक पक्का झाला, आणि त्याला पक्के करणारी भाषा मराठी होती.

पुढची साठ-सत्तर वर्षे या लोकांनी मराठीत जे काम केले ते आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात एका परिच्छेदाचेही धनी झालेले नाही, याचे मला वाईट वाटते. इजिप्तमधून सुटल्याची आठवण म्हणून पाळायच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचायची ‘हग्गादा’ १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात दुसरी एक निघाली, शिळाप्रेसवर, चित्रांसह. तिच्यातल्या एका चित्रात बेखमीर भाकऱ्यांची तयारी चालली आहे. जमिनीवर बसलेल्या, लुगडी नेसलेल्या, केसांचा अंबाडा घातलेल्या बायका पीठ मळताहेत, लाटताहेत, भाजताहेत. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या घाईच्या भाकऱ्या पुण्याच्या चित्रकाराने पुण्याच्या स्वयंपाकघरात बसवल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास मुंबईत काही जण एकत्र आले आणि त्यांनी कीर्तने रचायला घेतली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या, सगळे आपले. आख्यान मात्र अब्राहामाचे नाहीतर योसेफाचे. डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले प्रमुख. नारदीय कीर्तनाचा बाज त्यांनी उसना घेतला असे मला म्हणवत नाही. तो त्यांचाही होताच. कोकणच्या गावात रात्री देवळापुढे कीर्तन लागले, की ऐकणाऱ्यांत शनवार तेल्याचे घरही असणारच.

१८७५ मध्ये किहीमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली, ती पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. तिच्यात हिब्रू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही शिकवत. या पिढ्यांतून केवढी माणसे निघाली. डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकून आल्या, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि हजारो बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली पार पडली. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले; महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. डॉ. अब्राहाम एरुळकर गांधीजींच्या उपवासात त्यांची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांपैकी. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातला जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. निसीम इझिकेल इंग्रजीत कविता लिहीत, आणि त्यांनीच वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. आडनावे पाहा: झिराड, राजपूर, एरुळ, चेऊल, किहीम, अष्टमी. अलिबाग, रोहा, मुरुड या तालुक्यांचा नकाशाच. पहिले नाव बायबलातले आणि शेवटचे एसटीच्या पाटीवरचे.

पण हे चित्र सुखाचेच होते असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. जातीची उतरंड त्यांना सांभाळून घेत होती, तशी त्यांच्या आतही शिरली होती. समाजात गोरा आणि काळा अशा दोन फळ्या होत्या. रंगाशी त्यांचा संबंध नव्हता. आई-बाप दोन्ही बेने इस्रायल असतील तो गोरा. बापाने बाहेरची बायको केली आणि तिची मुले समाजात राहिली, तर ती काळी, आणि पुढच्या पिढ्याही काळ्याच. एकमेकांत लग्ने होत नसत, प्रार्थना एका छताखाली असली तरी मान वेगळा असे. विधवांची पुनर्लग्ने नाहीतच जवळजवळ, घटस्फोटही नाहीत. यहुदी धर्मशास्त्रात दोन्हींना मुभा असताना कोकणातल्या प्रतिष्ठित जातींचा पायंडा यांनी उचलला. शुद्धतेचे हे वेड पुढे त्यांच्याच वाट्याला दुसऱ्या बाजूने येणार होते.

* * *

१९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि मंडळी निघू लागली. त्यांना इथून कुणी हाकलले नव्हते. ज्यू म्हणून त्यांच्यावर भारतात कधी हल्ला झाला नाही, त्यांची दुकाने लुटली नाहीत, त्यांना वेगळ्या वस्तीत कोंडले नाही. ज्यूंच्या जगाच्या इतिहासात असे देश फार थोडे. मग का गेले? ठाण्यातल्या एका काकांनी हिशेब मांडला. “आमचे लोक रेल्वेत, पोस्टात, कस्टम्समध्ये, मिलिटरीत. साहेब गेला तशी पुढची भरती कशी होईल ही धास्ती होती. दुसरं, रोज प्रार्थनेत जेरुसलेम जेरुसलेम म्हणायचं, आणि आता खरोखर बोट जातेय म्हटल्यावर कसं थांबायचं? आणि तिसरं सांगू? एक भाऊ गेला की दुसरा जातोच.” १९५१ च्या जनगणनेत देशातले सगळे ज्यू मिळून साडेसव्वीस हजारांच्या आसपास होते, त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायल. २०११ च्या जनगणनेत सगळे मिळून पाच हजारही उरले नव्हते.

तिकडे त्यांना नेगेव वाळवंटाच्या कडेची गावे मिळाली. बीरशेबा, दिमोना. कुणी अश्दोदला, कुणी लोदला. कचेरीत बसणारा माणूस रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या कामावर. ब्रेड मिळे, भात दुर्मीळ. आणि रंगावरून शेरे. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये स्थलांतरितांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यू एजन्सीच्या कार्यालयापुढे धरणे धरले, उपोषण केले: आम्हाला भारतात परत पाठवा. काही जण खरोखर परत आले. त्यांतले पुष्कळ नंतर पुन्हा इस्रायलला गेले. या परत येण्या-जाण्याची टिंगल करणारे तेव्हाही होते. मला त्यात हेलकावा दिसतो तो एका प्रामाणिक कोंडीचा. मुंबईत त्यांना वाटे, आपले घर तिकडे. तिकडे पोहोचल्यावर कळले की घराच्या मालकांनी आपल्याला अजून पाहुणेच धरले आहे.

खरा घाव १९६२ मध्ये बसला. बेने इस्रायलांची इतर ज्यूंशी लग्ने लावायला काही रबाय तयार नव्हते. प्रकरण मुख्य रबाय यित्झाक निसीम यांच्या मंडळाकडे गेले. मंडळाने तत्त्वतः बंदी नाही म्हटले, पण फेब्रुवारी १९६२ मध्ये लग्न नोंदवणाऱ्या रबायांना सूचना काढली: बेने इस्रायल वधू किंवा वर आला, तर त्याच्या आईची, आजीची, पणजीची, जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करावी. घराण्यात कुणी बाहेरची होती का? कुणाचा घटस्फोट झाला होता का, आणि तो धर्मशास्त्राप्रमाणे झाला होता का? शंका अशी, की शतकानुशतके शास्त्र माहीत नसलेल्या लोकांत अवैध घटस्फोटानंतर लग्ने झाली असतील, तर त्यांची संतती लग्नाला अपात्र ठरते.

रोह्याच्या घाणेवाल्याची पणजी कोण होती याचा कागद कुठून आणणार? समाजाने उत्तर दिले ते लक्षात घेण्यासारखे आहे. आमच्यात घटस्फोट होतच नव्हते, विधवेचे पुन्हा लग्नही लावत नव्हते, तर अवैध संतती येईल कुठून? म्हणजे हिंदू शेजाऱ्यांकडून उचललेली चाल इस्रायलमध्ये त्यांच्या यहुदीपणाचा बचाव करत होती. आणि रबाय जे विचारत होते, बाहेरची बायको कुणी केली होती का, तेच तर गोऱ्यांनी काळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारले होते. ज्या प्रश्नाने त्यांनी आपल्यातल्यांना दूर ठेवले, त्याच प्रश्नापुढे आता सगळे एकसारखे उभे होते. अन्यायाचा हा फेरा उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. त्याने रबायांचा निर्णय योग्य ठरत नाही.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. आया लेकरे घेऊन बसल्या. देशभरात चर्चा झाली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, खास बैठकीत ठराव केला: बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने रबायांवर दबाव आणला आणि महिनाअखेर त्या सूचनेतून बेने इस्रायलांचे नाव काढले गेले. लढाई जिंकली. पण त्या पिढीतली माणसे आजही या विषयावर आवाज चढवल्याशिवाय बोलू शकत नाहीत. इस्रायलहून अलिबागला आलेल्या एका आजींशी मी बोललो. त्या म्हणाल्या, “कोकणात आम्हाला कुणी म्हणालं नाही, दाखवा बघू, तुम्ही इस्रायल कसे. शनिवारी आई कपडे धूत नाही हे साऱ्या आळीला ठाऊक. आणि ज्यांच्या देशात गेलो ते विचारतात, आजीचं लग्न कुणी लावलं?”

२०१६ मध्ये कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांतल्या संशोधकांनी बेने इस्रायलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या लोकांत मध्यपूर्वेतला ज्यू वंश आहे आणि भारतीय वंशही मोठ्या प्रमाणात आहे, असे त्यात दिसले. समाजात काहींना याचा आनंद झाला, कारण दंतकथेला आधार मिळाला. मी त्यांच्या आनंदात सहभागी होऊ शकलो नाही. रक्ताच्या थेंबाने सिद्ध झालेली ओळख दुसऱ्या थेंबाने नाकारताही येते. आणि त्या अहवालात समजा सगळाच वंश भारतीय निघाला असता, तरी त्या घरांनी पाळलेले शनिवार खोटे ठरले असते का?

* * *

मुंबईत असताना हे लोक मराठी बोलत, पण आपण मराठी आहोत असे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. ते सांगायची वेळ इस्रायलमध्ये आली. तिथे मोरोक्कोचे, इराकचे, पोलंडचे, येमेनचे ज्यू. त्यांच्यात हे ‘होदीम’, हिंदुस्थानचे. मग त्यांनी आपले मराठीपण उचलून वर काढले. १९८० च्या दशकात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. फ्लोरा सॅम्युएल आणि नोहा मस्सील यांनी ते नावारूपाला आणले. देवनागरी वाचणारी पिढी म्हातारी होत असताना, हिब्रू बोलणाऱ्या देशात, मराठी अंक काढणे हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना दिवाळी अंकाच्या वाचकाला सहज येईल. महाराष्ट्र दिन साजरा होतो, नाटुकली होतात, जुनी गाणी होतात.

मेंदीचे तर आणखीच. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी, हिरव्या बांगड्या, मुंडावळ्या हे भारतात घरचे कार्य होते, हॉलमध्ये साजरे करायचे सांस्कृतिक प्रदर्शन नव्हते. इस्रायलमध्ये ते मोठे झाले. नातवंडांना मराठी येत नाही, तरी मेंदी हवीच असते. मलिदाही तिकडे गेला. हैफा शहरात एलियाहूची गुहा आहे. खंडाळ्याचा खडक दूर राहिला, तर बेने इस्रायल या गुहेकडे नवस घेऊन जाऊ लागले. ही नवी जागा बायबलातल्या एलियाहूच्या खऱ्या प्रदेशातली, तरीही खंडाळ्याचे महत्त्व कमी झाले नाही. इस्रायलहून गटागटाने माणसे येतात, नवगावला दफनभूमीत थांबतात, खंडाळ्याला मलिदा करतात आणि मग आपापल्या आडनावाचे गाव शोधत गाड्या वळवतात.

इथे राहिलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मागणी बऱ्याच वर्षांची होती. कागदावर ज्यू म्हणून नोंद होणे, शाळा आणि संस्था चालवणे सोपे होणे, हा त्याचा उपयोग. आता समाजाचे सगळ्यात भरलेले ठिकाण ठाणे. तिथले शार हशामाईम हे १८७९ चे सिनेगॉग सणाला भरते. कोकणातल्या सिनेगॉगांची गोष्ट वेगळी. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर काही प्रार्थना म्हणता येत नाहीत, तोरा बाहेर काढून वाचता येत नाही.

किनाऱ्यावरच्या अशाच एका सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी मला एक पंचविशीतला मुलगा भेटला. तालुक्याच्या गावी नोकरी करतो. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान मित्रांबरोबर क्रिकेट खेळून वाढलेला, गणपतीत ढोल वाजवलेला. लहान भाऊ अश्दोदला स्थायिक झाला आहे आणि याच्यामागे लागला आहे, कागदपत्रांची सोयही त्याने करून ठेवली आहे. पगार तिकडे कितीतरी जास्त. मुलगी बघायची तर तीही तिकडेच. आईला मात्र समुद्र सोडवत नाही. मी विचारले, मग अडले कुठे? तो बाकावरची प्रार्थनापुस्तके गोळा करत होता. म्हणाला, “परवापर्यंत आम्ही अकरा होतो. एक काका मुलाकडे मुंबईला गेले. आता बरोब्बर दहा. मी गेलो की नऊ.” त्या दिवशी दहावा माणूस यायला अर्धा तास उशीर झाला होता आणि सगळे त्याची वाट बघत थांबले होते. भावाला काय कळवायचे ते त्याने अजून ठरवलेले नाही.